पाच तारे देणारे ग्राहक परत का येत नव्हते: दुरुस्ती सेवेच्या अ‍ॅपमधील गळतीचे प्रकरण

पार्श्वभूमी

वॉशिंग मशीन, फ्रिज, एसी, पाणी शुद्ध करण्याचे यंत्र, नळ आणि वीज यांच्या दुरुस्तीसाठी घरी कारागीर पाठवणारे अ‍ॅप, असा हा स्टार्टअप. नाव, ठिकाण आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. रकमाही चलनात न देता सरासरी बिल १०० धरून मांडल्या आहेत. त्यामुळे आकडे गोल झाले आहेत, पण हिशेब कुठेही लावून पाहता येतो.

कामाची पद्धत अशा बहुतेक अ‍ॅपची असते तीच. ग्राहक बिघाड आणि वेळ निवडतो, जवळच्या मोकळ्या कारागिराला मागणी जाते, त्याने ४० सेकंदांत स्वीकारली नाही तर पुढच्याला. स्वीकारताच दोघांना एकमेकांचे नाव आणि फोन नंबर दिसतो. काम झाले की अ‍ॅपवर बिल, पैसे ऑनलाइन किंवा रोख. एकूण बिलाच्या २५ टक्के कमिशन स्टार्टअपचे. रोख व्यवहारात ते कारागिराने भरलेल्या अनामत रकमेतून वळते होई.

या २५ मधून पेमेंट गेटवेला २, ग्राहक मदत केंद्राला ४, नकाशे, संदेश आणि सर्व्हर मिळून १, फेरदुरुस्ती आणि परताव्याला ३ जात. उरत १५. नवा ग्राहक आणायला जाहिरात आणि पहिल्या बुकिंगची सवलत धरून ४५ लागत. म्हणजे एका ग्राहकाने अ‍ॅपवरून तीन कामे केली की खर्च वसूल. गुंतवणूकदारांना दाखवलेल्या तक्त्यात वर्षाला चार कामे धरली होती. तिसरे वर्ष संपताना प्रत्यक्ष आकडा १.६ होता. १.६ कामांचे २४ मिळतात. प्रत्येक नव्या ग्राहकामागे पहिल्या वर्षी २१ चा तोटा. जाहिरात वाढली की तोटाही वाढायचा, पण बुकिंगचा आलेख चढताच दिसायचा. असा आलेख पाहून निर्णय घेणे किती धोक्याचे असते, ते इथे पुढचे आठ महिने दिसले.

समस्या कशी ओळखली

पहिला समज असा झाला की ग्राहक अ‍ॅप विसरतात. म्हणून आठवणीचे संदेश आणि कूपन सुरू झाले. कूपन खपली, पण तपासल्यावर त्यातली बरीचशी जुन्याच पत्त्यांवर, घरातल्या दुसऱ्या सदस्याच्या नंबरवरून उघडलेल्या नव्या खात्यांतून वापरलेली निघाली. ग्राहकाला अ‍ॅप नीट आठवत होते. त्याला फक्त सवलत हवी होती.

कोडे सुटले ते एका साध्या तक्त्याने. विश्लेषकाने पहिल्या कामाला दिलेल्या ताऱ्यांनुसार ग्राहकांचे गट पाडले आणि प्रत्येक गट सहा महिन्यांत किती परतला ते मोजले. तीन तारे देणारे पाच तारे देणाऱ्यांपेक्षा जास्त परतत होते. खूश ग्राहक निघून जातो आणि अर्धवट खूश ग्राहक परत येतो, याचा एकच सरळ अर्थ निघतो: खूश ग्राहकाकडे कारागिराचा नंबर असतो आणि तो पुढच्या वेळी थेट त्याला फोन करतो. नाराज ग्राहकाला दुसरा कारागीर हवा असतो, म्हणून तो अ‍ॅपकडे येतो. सरासरी ४.७ तारे पाहून सगळे समाधानी होते, आणि तोच आकडा गळतीचा माग दाखवत होता.

मग आणखी दोन खुणा तपासल्या. फिल्टर बदलणे किंवा एसीची सर्व्हिस ही ठरावीक काळाने येणारी कामे. ती पहिल्यांदा अ‍ॅपवर होत आणि नंतर नाहीशी होत. तुंबलेल्या नाल्यासारख्या अडीअडचणीच्या कामात ही गळती जवळजवळ नव्हती, कारण तिथे ग्राहकाला ओळखीपेक्षा तासाभरात येणारा माणूस हवा असतो. दुसरी खूण होती कारागीर पोहोचल्यानंतर रद्द झालेल्या बुकिंगची. अशा रद्द कामांत महागडा सुटा भाग लागणारे बिघाड फार होते.

इथे एक निर्णयाची जागा आली. कारागिरांच्या फोनचे लोकेशन अ‍ॅप पार्श्वभूमीत टिपत होते. बुकिंग रद्द झाल्यावरही कोणता कारागीर त्याच पत्त्यावर पाऊण तास थांबला, हे काढणे तांत्रिक प्रमुखाला सहज शक्य होते आणि त्याने यादी काढलीही. पण लोकेशनची परवानगी घेताना ‘काम चालू असताना’ एवढेच सांगितले होते. काम रद्द झाल्यावरचा माग काढून त्यावर कारवाई करणे म्हणजे एका कारणासाठी घेतलेली माहिती दुसऱ्याच कारणासाठी वापरणे. युरोपमध्ये मे २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यात उद्देशमर्यादा हे मूळ तत्त्वांपैकी एक आहे, आणि जिथे असा कायदा नाही तिथेही कारागिरांचा विश्वास एकदा गेला की परत मिळत नाही. यादी पुसली आणि रद्द झाल्याक्षणी लोकेशन टिपणे बंद करणारा बदल त्याच आठवड्यात अ‍ॅपमध्ये केला. हा निर्णय बरोबर होता. पुढे कारागिरांशी मोकळेपणाने बोलता आले ते त्यामुळेच.

त्याऐवजी २०० ग्राहकांना फोन केले. प्रश्नाची शब्दरचना महत्त्वाची ठरली. ‘तुम्ही अ‍ॅपबाहेर काम करून घेतले का?’ असे विचारले की माणूस सावध होतो. ‘शेवटचा बिघाड झाला तेव्हा कोणाला बोलावले, आणि त्याचा नंबर कुठून मिळाला?’ असे विचारल्यावर खरे उत्तर येत होते. पहिल्या कामानंतरच्या दर १० कामांपैकी ६ थेट त्याच कारागिराकडे गेली होती.

कारागिरांचा हिशेब

गळतीला संस्थापक ‘फसवणूक’ म्हणत होते. कारागिरांबरोबर बसून बिले उलगडल्यावर तो शब्द बैठकीतून गेला.

समजा बिल १०० चे आहे. त्यात पीसीबी, म्हणजे यंत्रातला सर्किट बोर्ड, ६० चा आणि मजुरी ४०. कमिशन एकूण बिलावर, म्हणून २५. सुटा भाग कारागिराने स्वतःच्या खिशातून आणलेला. ६० भागाचे गेले, २५ अ‍ॅपचे गेले, हातात १५. त्यातून प्रवास, हत्यारे आणि पुन्हा जावे लागले तर दिवसही त्याचाच. म्हणजे मजुरीवरचे खरे कमिशन २५ टक्के नसून साडेबासष्ट टक्के होते. महाग भाग लागणारी कामे सर्वांत आधी का रद्द होतात, याचे उत्तर या एका बिलात आहे.

दुसरे म्हणणे तितकेच रास्त होते. पहिल्या वेळी ग्राहक अ‍ॅपने मिळवून दिला, त्याचे २५ टक्के मान्य. चौथ्या वेळी त्याच घरी जाताना अ‍ॅप नेमके काय देते? अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांनी १९३७ साली कंपन्या का असतात याचे कारण शोधताना व्यवहार जुळवण्याच्या खर्चाकडे बोट दाखवले होते: माणूस शोधणे, दर ठरवणे, शब्द पाळला जातो का ते पाहणे. इंटरनेटवरच्या मध्यस्थ कंपन्यांची कमाई या खर्चातली बचत वाटून घेण्यावर चालते. कारागीर एकदा सापडला की शोधण्याचा खर्च शून्य होतो आणि त्यापोटीची आकारणीही तिथेच संपते. टॅक्सी मागवताना दर वेळी नवा चालक चालतो, म्हणून तिथे हा प्रश्न बोथट राहतो. दुरुस्ती, शिकवणी, घरसफाई, रुग्णसेवा यांत माणसाला तोच माणूस हवा असतो, आणि तिथे गळती व्यवसायाच्या स्वभावातच आहे.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय दार बंद करण्याचा. दोघांचे नंबर लपवून मधल्या आभासी नंबरवरून कॉल जोडायचे, चॅटमधले आकडे गाळायचे, सापडलेल्या कारागिराला दंड, मग खाते बंद. गुंतवणूकदारांचा कल याकडे होता, कारण यात कमिशनचा दर तसाच राहतो. अडचण उघड होती: कारागीर ग्राहकाच्या घरात तासभर समोरासमोर असतो, नंबर द्यायला त्याला अ‍ॅप लागत नाही. शिवाय ज्यांना ग्राहक पुन्हा बोलावतात तेच उत्तम कारागीर. बंदीचा पहिला फटका त्यांनाच बसणार.

दुसरा पर्याय कारागिरांना पगारावर घेण्याचा. प्रवास धरून आठ तासांत पाच कामे झाली तर पगार परवडत होता. प्रत्यक्ष सरासरी तीन होती आणि मागणी सकाळी व सुट्टीच्या दिवशी एकवटलेली. कायद्याची बाजूही मधोमध लोंबकळत ठेवता येत नाही: माणसाचे वेळापत्रक, दर आणि वागणूक तुम्ही ठरवत असाल तर त्याला स्वतंत्र कंत्राटदार म्हणणे टिकत नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उबरच्या चालकांबाबत, कामाची वेळ ते स्वतः निवडत असूनही, दर आणि वागणुकीवरच्या नियंत्रणावरून असेच म्हटले. अमेरिकेतील होमजॉय ही घरसफाई सेवा जुलै २०१५ मध्ये बंद झाली तेव्हा कामगारांच्या दर्जावरचे खटले हे संस्थापकांनी दिलेले कारण होते. म्हणजे पहिल्या पर्यायातले कडक नियंत्रण आणि ‘ते आमचे कर्मचारी नाहीत’ ही भूमिका एकत्र नांदू शकत नव्हती. हा मुद्दा वकिलाने लेखी दिल्यावर चर्चेचा सूर बदलला.

कमिशनऐवजी प्रत्येक नव्या ग्राहकाच्या ओळखीसाठी ठरावीक रक्कम घेण्याचा विचार लवकर मागे पडला. त्यात काम होण्याआधीच कारागीर पैसे भरतो, नवख्याला ते झेपत नाही, आणि काम नीट झाले की नाही यात अ‍ॅपचा रसच उरत नाही.

चौथा पर्याय: कमिशन फक्त मजुरीवर, तेही त्याच घराशी नाते जुने होईल तसे उतरते, आणि दर वेळी उपयोगी पडेल असे काहीतरी देणे. सोबत ग्राहकाकडून वर्षाचे पैसे आधी घेऊन सर्व्हिस करार विकण्याची पुरवणीही होती.

काय केले, आणि काय बिघडले

आधी नंबर लपवण्याचाच प्रयोग सहा आठवडे झाला, कारण तो तयार सेवा विकत घेऊन लगेच करता येत होता. आभासी नंबर २४ तासांनी बंद होई. पण सुटा भाग यायला दोन-तीन दिवस लागतात, आणि फेरदुरुस्तीची तक्रार बहुधा पहिल्या आठवड्यात येते. दोघांचा संपर्क तुटायचा आणि सगळे कॉल मदत केंद्रावर आदळायचे. गळती मोजण्याइतकीही घटली नाही. नंबर लपवणे मात्र पूर्ण काढले नाही. ग्राहकाचा नंबर अनोळखी माणसाकडे कायमचा राहू नये, ही वेगळी आणि खरी गरज आहे. त्यासाठी मुदत ३० दिवस केली आणि पुढे नंबर द्यायचा की नाही हे ग्राहकावर सोडले.

मग चौथा पर्याय बारापैकी तीन विभागांत दहा आठवडे चालवला. काही कारागिरांना नवे दर आणि काहींना जुने, अशी चाचणी एकाच विभागात करता येत नाही. कारागीर दिवसातून दहादा एकमेकांशी बोलतात. म्हणून विभागच वेगळे ठेवले.

बिलाचे दोन भाग झाले: मजुरी आणि सुटे भाग. भागावर कमिशन नाही. पंधरा दिवसांत मजुरी भागांच्या रकान्यात सरकू लागली. साधा व्हॉल्व्ह दुप्पट किमतीचा दिसू लागला. उपाय दोन केले. अ‍ॅपच्या पुरवठादाराकडून घेतलेल्या भागाची किंमत आपोआप भरली जाई. बाहेरून आणलेल्या भागाला खोक्याचा आणि अनुक्रमांकाचा फोटो लागे आणि यादीतील किमतीपेक्षा वरची रक्कम मजुरी धरली जाई.

उतरत्या दराचा पहिला नियम ‘पहिल्या कामाला २५, दुसऱ्यापासून १०’ असा होता. लगेच पळवाट सापडली: आधी बल्ब बदलण्याचे किरकोळ काम नोंदवायचे, मग मोठे काम १० टक्क्यांत. म्हणून कामांची संख्या सोडून एक कारागीर आणि एक घर अशा जोडीतली एकूण मजुरी मोजायला घेतली. एका सरासरी कामाच्या मजुरीइतकी, म्हणजे ५५ पर्यंतची मजुरी २५ टक्क्यांत, त्यापुढची १० टक्क्यांत. जोडी ओळखायला ग्राहकाचा नंबर न घेता पत्ता घेतला, कारण एकाच घरातून तीन नंबरांवरून बुकिंग होते. पत्ते एका साच्यात आणणे हे या सगळ्यातले सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत लांबलेले काम ठरले.

दर वेळी उपयोगी पडेल अशा गोष्टी चार होत्या. ९० दिवसांची हमी: तोच बिघाड पुन्हा झाला आणि पहिला कारागीर ४८ तासांत गेला नाही तर दुसरा जातो, त्याचा खर्च निम्मा पहिल्याकडून आणि निम्मा मजुरीच्या २ टक्क्यांतून साठवलेल्या निधीतून. पैसे आठवड्याने न देता त्याच संध्याकाळी. सुटे भाग घाऊक दराने उधारीवर. आणि प्रत्येक कारागिराला स्वतःची बुकिंग लिंक. त्याने स्वतः आणलेल्या ग्राहकावर सुरुवातीपासून १० टक्केच.

क्रमवारीही बदलली. सगळ्यांचे तारे ४.६ ते ४.९ च्या दरम्यान होते, त्यातून काही निवडता येत नव्हते. त्याऐवजी ३० दिवसांत फेरदुरुस्ती किती लागली हे मोजले. दोनच कामे केलेला कारागीर शून्य फेरदुरुस्तीमुळे सर्वांत वर जाऊ नये म्हणून प्रत्येकाच्या खात्यात सरासरी दर्जाची १० कामे गृहीत धरून मग प्रमाण काढले. क्रमवारी कशावर ठरते ते एका पानावर लिहून सर्वांना दिले, आणि खाते बंद करण्यापूर्वी ३० दिवसांची कारणासह सूचना सुरू केली. युरोपात १२ जुलै २०२० पासून व्यापारी वापरकर्त्यांसाठी या दोन्ही गोष्टी नियमानेच बंधनकारक आहेत. या स्टार्टअपला तो नियम लागू नव्हता, तरी मसुद्यासाठी तो चांगला उपयोगी पडला.

वार्षिक करार मात्र फसला. सगळ्या करारधारकांना एसीची सर्व्हिस एकाच महिन्यात हवी होती आणि त्याच महिन्यात कारागिरांना बाहेर जास्त मजुरी मिळत होती. त्याहून गंभीर चूक हिशेबात होती: आधी मिळालेले वर्षाचे पैसे उत्पन्न म्हणून दाखवले गेले. ती रक्कम सेवा पुरवेपर्यंत देणे असते. लेखापरीक्षकाने ते दुरुस्त केल्यावर एका तिमाहीची ‘वाढ’ पुसली गेली. करार नव्याने विकणे थांबवले, विकलेले पूर्ण केले.

परिणाम

पहिले दोन महिने कमिशनचे उत्पन्न जवळजवळ निम्म्यावर आले. ही घसरण आधीच कागदावर मांडून दाखवलेली नसती तर प्रयोग तिथेच थांबला असता. वर्षाअखेर तीन विभागांत ग्राहकामागची कामे १.६ वरून ३ वर गेली.

नफा मात्र बारीक आहे. सरासरी बिलात मजुरी ५५, भाग ४५. पहिल्या कामाचे कमिशन सुमारे १४, भागांच्या घाऊक खरेदीतून ३, खर्च १०, उरतात ७. पुढच्या कामांत कमिशन ५.५, भागांतून ३. कारागीर ओळखीचा असल्याने मदत केंद्राचे कॉल आणि परतावे घटले, म्हणून खर्च ५; उरतात ३.५. तीन कामांचे पहिल्या वर्षी १४. सवलती काढून नवा ग्राहक आणण्याचा खर्च २० वर आणला, म्हणजे वसुलीला दुसऱ्या वर्षातली दोन कामे लागतात. लिंकवरून आलेल्या ग्राहकाला आणण्याचा खर्च जवळजवळ नाही, आणि नव्या ग्राहकांपैकी निम्मे आता तसे येतात. कारागिरांनी आपले जुने, अ‍ॅपबाहेरचे ग्राहक लिंकवर आणले. हमी आणि अ‍ॅपमध्ये राहणारी कामांची नोंदवही त्यांना उपयोगी पडत होती. हे कोणीच आधी धरले नव्हते.

एका गुंतवणूकदाराने पुढच्या फेरीत पैसे घातले नाहीत. त्याच्या दृष्टीने ते योग्यच होते: वेगाने वाढणारे कमिशन पाहून तो आला होता आणि समोर सुटे भाग पुरवणारा, कारागिरांची नोंदवही चालवणारा, संथ व्यवसाय उभा होता.

नुकसान झाले ते नवख्या कारागिरांचे. परतणारी कामे जुन्यांकडे जाऊ लागली आणि नव्यांच्या वाट्याला महिनोन्‌महिने थोडेच येई. जाहिरातीतून आलेल्या पहिल्या कामांपैकी ४० टक्के त्यांच्यासाठी राखून ठेवावी लागली. उधारीचेही तसेच: काही जणांची उधारी दोन महिन्यांच्या मजुरीएवढी झाली आणि ते दुसरीकडे काम घ्यायला मोकळे राहिले नाहीत. गळती अशा कर्जाने थांबवणे सोपे आहे आणि अन्यायाचेही. उधारीची मर्यादा दोन आठवड्यांच्या सरासरी मजुरीवर बांधली. त्यामुळे भागांची विक्री घटली, तरी मर्यादा ठेवली.

वेगळे काय करता आले असते

ताऱ्यांनुसार परतीचा तक्ता पहिल्याच वर्षी काढता आला असता. त्याला लागणारी सगळी माहिती होती. कोणी विचारले नाही, कारण चांगल्या रेटिंगची कोणी चौकशी करत नाही. बिलाचे दोन भाग पहिल्या दिवसापासून हवे होते. एकूण बिलावर कमिशन लावणे प्रोग्रामरला सोपे होते, एवढेच त्यामागचे कारण. आणि नंबर लपवण्याचे सहा आठवडे टाळता आले असते: दहा कारागिरांना ‘हे सुरू केले तर तुम्ही काय कराल?’ एवढे विचारले असते तरी उत्तर मिळाले असते.

दराबाबतचा एक प्रश्न अजून वादाचा आहे. २५ वरून थेट १० वर येण्याऐवजी आधी १५ करून पाहावे असे काहींचे म्हणणे होते. तीन विभागांत तीन वेगळे दर लावले असते तर किती उतरावे लागते ते कळले असते. तिन्ही ठिकाणी एकच दर लावल्याने ती माहिती हुकली. आता दर वाढवून ते तपासता येणार नाही.

सध्याची निर्णयाची जागा वेगळी आहे. सात अनुभवी कारागिरांनी एकत्र येऊन स्वतःचा गट केला आणि ग्राहकांची व दुरुस्तीची जुनी नोंद सोबत मागितली. संस्थापकांनी ठरवले की यंत्राचा दुरुस्तीचा इतिहास ग्राहकाचा. ग्राहकाने अ‍ॅपमधून होकार दिला तर तो गटाला मिळेल. बुकिंगची प्रणाली गटाला मासिक ठरावीक शुल्कावर देण्याची बोलणी चालू आहेत. गटाला कमिशन नको आहे, आणि ९० दिवसांच्या हमीचा निधी कोणी भरायचा यावर दोन्ही बाजू अडल्या आहेत.